वयाचं कारण, वयाचा हिशेब

पाटण तालुक्यात सत्तरीपुढच्या माणसाला वय विचारलं तर आकडा क्वचितच मिळतो. मिळतो तो भूकंप. "भूकंपाच्या साली माझं लगीन झालेलं." "भूकंपात थोरला रांगत हुता." 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर हादरलं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, आणि तेव्हापासून या खोऱ्यात वय सांगायची ती एक पक्की खूण झाली. आधार कार्डावर मात्र कितीतरी जणांची जन्मतारीख 1 जानेवारी असते. खरं वय या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतं.

एरवी त्यावाचून कुणाचं काही अडत नाही. अडतं ते दुखण्यात. दुखण्याला इथे सगळ्यात आधी वयच कारणीभूत धरलं जातं. "आता वय झालं की, दुखणारच." हे रुग्ण म्हणतो, सून म्हणते, शेजारीण म्हणते आणि घाईत असले तर डॉक्टरही म्हणतात. आमवात, म्हणजे डॉक्टरी भाषेतला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, असलेल्या म्हाताऱ्या माणसाचं या एका वाक्याने फार नुकसान होतं. गंमत अशी की वयाचा खरोखर विचार करायची वेळ येते, गोळीचा डोस ठरवायचा असतो, रिपोर्ट वाचायचा असतो, तेव्हा त्याच वयाकडे कुणी बघत नाही. आपण वयाचं कारण देतो, वयाचा हिशेब करत नाही. माझी तक्रार आहे ती एवढीच.

आधी हे दुखणं वयाचं नाही, हे नीट समजून घेऊ. गुडघ्यातली कूर्चा झिजते ती झीज, आणि ती वयाबरोबर बहुतेकांना गाठते. आमवातात झिजत काहीच नसतं. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा सांध्याच्या आतल्या अस्तरावरच चाल करून जाते, अस्तर सुजतं, जाड होतं आणि शेजारचं हाड पोखरू लागतं. झिजेत बोटांच्या टोकाकडचे सांधे गाठाळतात. आमवात शक्यतो टोकं सोडून बोटांच्या मुळाशी आणि मनगटात बसतो, तोही दोन्ही हातांत. आणि सकाळी. या 'सकाळी'त पुष्कळ काही आहे.

म्हशीची धार पहाटे काढायची असते, कारण डेअरीवर दूध घालायची वेळ ठरलेली असते. सांध्यांत दाह पेटवणारी रसायनंही रात्रीच्या उत्तरार्धात चढत जातात आणि पहाटे शिगेला पोचतात. म्हणजे सडाला बोटं वळवायची वेळ आणि बोटं अजिबात न वळायची वेळ एकच. साठीची बाई चार दिवस कोमट पाण्यात हात बुडवून बघते, मग म्हैस सुनेकडे देते. घरात ती कामाची वाटणी ठरते, त्याला कुणी आजार म्हणत नाही. नऊ-दहा वाजता बोटं सुटतात. अकराच्या सुमाराला एसटीने ती दवाखान्यात पोचते तेव्हा मूठ बऱ्यापैकी मिटत असते, आणि डॉक्टरांना दिसतो तो एका म्हाताऱ्या बाईचा थोडासा सुजलेला हात. पहाटे पाचचा हात त्यांनी पाहिलेलाच नसतो.

तो हात डॉक्टरांच्या आधी बांगड्या भरणारीला कळतो. बांगडी चढवताना ती हात आवळून धरते, अंगठा तळव्यात दाबते, बोटांची मुळं एकमेकांजवळ आणते. नेमके हेच सांधे आमवातात सुजतात. गेल्या जत्रेत सहज गेलेलं माप यंदा अडकतं आणि बाई ओरडते. "हात जड झालाय मावशी, येक नंबर वाढवते," असं म्हणून ती मोठं माप काढते. ऱ्हुमॅटॉलॉजीचे, म्हणजे सांध्यांच्या अशा आजारांचे, तज्ज्ञ रुग्णाशी हात मिळवताना बोटांची मुळं आडवी दाबून बघतात, ती हीच परीक्षा. एकीचा उपाय मोठी बांगडी आणि दुसऱ्याचा औषध, एवढाच काय तो फरक.

हा आजार आपल्याकडे किती आहे, याचं बरंच विश्वासार्ह उत्तर महाराष्ट्रातच मिळालेलं आहे. 1996 साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या एका कार्यक्रमाखाली घरोघर पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांना विचारलं. 18 टक्क्यांना हाडा-सांध्यांचं काही ना काही दुखणं होतं. आमवात निघाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे दोनशे प्रौढांत एक. पाटण तालुक्याची लोकसंख्या तीन लाखांच्या घरातली. भिगवणचंच प्रमाण इथे लावलं, तर ढोबळ हिशेबाने हजारभर माणसं होतात. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण दुखणाऱ्या 18 जणांच्या गर्दीत हा अर्धा माणूस हरवतो, हीच तर अडचण आहे. त्यातून 2006 साली महाराष्ट्रात चिकनगुनियाची मोठी साथ आली. ती अनेकांच्या सांध्यांत महिनोन्‌महिने रेंगाळली. तेव्हापासून "चिकनगुन्यापास्नंच हाय हे" असं आणखी एक तयार कारण हाताशी आलं.

म्हातारपणी आमवात असलेली माणसं दोन तऱ्हेची. एक, आजारासोबत म्हातारी झालेली. पस्तिशी-चाळिशीत सुरू झालं, तीस वर्षं काढली, बोटं करंगळीच्या दिशेला कलली. असे रुग्ण निदान ओळखू तरी येतात. (कोयनेच्या भूकंपाआधी आठ दिवस, 3 डिसेंबर 1967 ला, केपटाऊनमध्ये माणसाच्या हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण करणारे ख्रिस्तियान बर्नार्ड यांना 1956 पासूनच आमवात होता. 1983 पर्यंत ते शस्त्रक्रिया करत राहिले. तिशीतल्या सर्जनला होणारं दुखणं वयाचं कसं म्हणायचं?)

दुसरी तऱ्हा अवघड. साठीनंतर पहिल्यांदाच होणारा आमवात. त्याची चाल वेगळी असते. तरुण वयात बायकांना तो पुरुषांच्या दोन-तीन पट; साठीनंतर ही तफावत बरीच कमी होते. कधी तो हळूहळू न येता आठ-पंधरा दिवसांत येतो. बोटांऐवजी खांद्यांपासून सुरू होतो, वजन उतरतं, बारीक ताप राहतो, माणूस अंथरुणाला खिळतो. आणि आमवातासाठी नेहमी तपासला जाणारा रक्तातला 'आरए फॅक्टर' अनेकदा निगेटिव्ह येतो.

आता हे चित्र पाटणच्या एखाद्या वाडीत ठेवून बघा. इथल्या कितीतरी घरांतल्या पुरुषांनी मुंबईच्या बाजारांत पाठीवर गोण्या वाहिल्या. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे; 1969 चा माथाडी कायदा ज्या चळवळीने मिळवला, तिच्यात या डोंगरातली माणसं हजारोंनी होती. ती आता म्हातारी होऊन गावी परतली आहेत. अशा माणसाचे पासष्टाव्या वर्षी दोन्ही खांदे धरले, सकाळी सदरा घालताना हात वर जाईना, तर काय निदान होणार? "जन्मभर वझी वाहिली, खांदं गेलं." दुसरं कुणाच्या मनातही येत नाही. पुरुष, खांदे आणि वय; त्यात 'आरए निगेटिव्ह'चा कागद. आमवाताची शंका न येण्याची चारही कारणं इथे एकत्र येतात. पण ओझ्याने झिजलेला खांदा वापरला की दुखतो आणि विश्रांतीने बरा वाटतो. दाहाचा खांदा विश्रांतीनंतर, झोपून उठल्यावर, जास्त धरतो. "दुखतं का?" याच्यापेक्षा "कधी दुखतं?" या प्रश्नाला जास्त महत्त्व आहे, आणि तो विचारायला मशीन लागत नाही.

रक्ताच्या रिपोर्टांबद्दलही हेच. आरए फॅक्टर काही निरोगी म्हाताऱ्यांमध्येही पॉझिटिव्ह येतो. दाहाचा अंदाज देणारा ईएसआर वयाबरोबर आपोआप चढतो. एक जुना ठोकताळा असा की पुरुषाच्या वयाच्या निम्म्यापर्यंत आणि बाईच्या वयात दहा मिळवून त्याच्या निम्म्यापर्यंत तो चालतो. सत्तरीच्या बाईला 40 म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. लॅबच्या छापील कागदावर मात्र तो ठळक अक्षरात, बाणासकट येतो. म्हणजे वय धरलं नाही तर चुका दोन्ही बाजूंनी होतात: ज्याला आमवात आहे तो सुटतो, ज्याला नाही त्याला लेबल लागतं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, की वयाचा आमवाताशी संबंधच नाही असं तुमचं म्हणणं आहे का. तसं नाही, आणि इथेच विषय खोल होतो. आपल्या प्रतिकारशक्तीलाही वय असतं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते; नव्या टी-पेशी तिथे तयार होतात. तारुण्यानंतर ती सुकत जाते, आणि शरीर जुन्याच पेशींच्या नकला काढून भागवतं. या थकलेल्या पेशी नव्या जंतूला ओळखण्यात मंद, पण विनाकारण दाह पसरवण्यात तरबेज. यॉर्ग गोरोंझी आणि कॉर्नेलिया वेयांड या संशोधक जोडीने 2000 च्या सुमारास दाखवून दिलं, की आमवाताच्या रुग्णांच्या टी-पेशी त्यांच्या खऱ्या वयापेक्षा वीसेक वर्षांनी म्हाताऱ्या दिसतात. म्हणजे उलट बाजूने बघितलं तर हा आजारच माणसाला अकाली म्हातारा करत असावा. "वय झालं म्हणून दुखतं" या वाक्याइतकंच "दुखत राहिलं म्हणून वय झालं" हेही खरं ठरतं.

आणि तसं ते दिसतंही. सांध्यातला दाह सांध्यात थांबत नाही. रक्तवाहिन्यांच्या आतून तो काम करत राहतो. म्हणून हृदयविकाराचा अंदाज बांधताना आमवात असेल तर आकड्याला दीडने गुणावं, असं युरोपातल्या तज्ज्ञांची संघटना सांगते. पाटणमध्ये सत्तरीच्या बाईची छाती भरून आली तर ती आधी सोडा घेते, कारण ते 'ग्यास' असतं. फुफ्फुसांत चट्टे पडून चढावर दम लागतो. डोंगरातल्या माणसाला दम लागला तर पुन्हा वयच. दंडा-मांड्यांचं मांस झडतं. हाडं ठिसूळ होतात, त्याला पाळी गेल्याचं कारण असतं, आजाराचं असतं आणि औषधांचंही. मग ओल्या अंगणात एकदा पाय सरकला की खुबा मोडतो, आणि पुढचं सगळं त्या खुब्यावर ठरतं. हे आजार वेगवेगळ्या दवाखान्यांत, वेगवेगळ्या फायलींत राहतात. शुगरचा कागद वेगळा, छातीचा वेगळा. सगळ्यांच्या मुळाशी एक न विझवलेला दाह आहे हे एका जागी कुठेच लिहिलेलं नसतं.

आता औषध. आमवातावरचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. जुनं आहे, स्वस्त आहे, सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. म्हाताऱ्यांना ते चालतं, नीट दिलं तर चांगलं चालतं. नीट म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. समजा 42 किलो वजनाची, 72 वर्षांची बाई आहे. मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन आलं 0.9. लॅबच्या कागदावर 'नॉर्मल'. पण क्रिएटिनिन तयार होतं मांसपेशीत, आणि हिच्या अंगावर मांस उरलेलंच नाही. 140 मधून वय वजा करा, 68. त्याला वजनाने गुणा, 2856. क्रिएटिनिनच्या 72 पटीने, म्हणजे 64.8 ने भागा, 44. बाई म्हणून 0.85 ने गुणा. उत्तर 37. निरोगी तरुणात हा आकडा शंभराच्या आसपास असतो. म्हणजे मूत्रपिंड निम्म्याहून कमी काम करतंय, आणि मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर टाकायचं काम मुख्यतः त्याचंच. हिला पूर्ण डोस दिला तर औषध साचेल, तोंड येईल, रक्तपेशी घसरतील. डोस कमी करून, रक्त तपासत दिलं तर ती पुन्हा मूठ वळू शकेल. आणि आकडा 30 च्या खाली गेला तर हे औषध नकोच.

या सगळ्या गणितात एक आकडा वयाचा आहे. म्हणून भूकंपाची गोष्ट. आधारवरची 1 जानेवारी सात-आठ वर्षांनी चुकली असेल तर उत्तर बदलतं. "मामी, भूकंपात तुम्ही किती वर्षांच्या होता? लग्न झालेलं का? पोरं किती?" एवढं विचारणारा डॉक्टर मला कुठल्याही महागड्या तपासणीपेक्षा मोलाचा वाटतो. दुसरा आकडा वजनाचा. त्यासाठीचा काटा आरोग्य केंद्रात असतोच.

आठवड्यातून एकदाची गोळी रोज घेतली गेली तर ती जीव घेऊ शकते. सोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळीही बऱ्याचदा तशीच बारीक, पिवळी. ज्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे त्यांना दोहोंतला फरक दिसत नाही. त्यात हाडांसाठी आणखी एक आठवड्याची गोळी जोडली जाते, जी पहाटे रिकाम्या पोटी घेऊन अर्धा तास ताठ बसायचं असतं. शहरातल्या घरात यासाठी वारांचे कप्पे असलेली डबी येते. इथे आठवडी बाजाराचा दिवस कामाला येतो. बाजार कुणी विसरत नाही. बाजाराच्या दिवशी जेवण झालं की ती गोळी, आणि पाकीट सुनेच्या ताब्यात.

प्रत्यक्षात बहुतेकांच्या वाट्याला मेथोट्रेक्सेट येतच नाही. येते ती कागदाची पुडी: एक पांढरी, एक गुलाबी, एक केशरी. त्यात दुखण्याची गोळी असते आणि बहुधा स्टेरॉइड. "ह्या पुडीनं पोरगी झाल्यागत वाटतं" असं म्हणतात ते खोटं नाही. 1948 साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला कॉर्टिझोन दिलं तेव्हा काही दिवसांत ती चालू लागली, आणि 1950 चं नोबेल त्या शोधाला मिळालं. जादू खरी आहे. पण तीन वर्षं पुडी खाल्लेल्या म्हातारीची कातडी कागदासारखी होते, शुगर निघते, मोतीबिंदू पिकतो, मणका खचतो, झोपलेला क्षय जागा होतो. आणि एक दिवस पुडी अचानक थांबली, तर अंगातलं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं बंद पडलेलं असल्याने माणूस कोसळतो. आणि पुडी थांबायला पाऊसही पुरतो: जुलै 2021 मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या, तालुक्यातल्या वाड्यांचे रस्ते तुटले. पावसाळ्यात सांध्यांचं दुखणं वाढतं असं सगळे सांगतात. हवेच्या परिणामाबद्दल अभ्यासांचं एकमत नाही. औषधाचा रस्ता आठ दिवस बंद राहिला की काय होतं, याबद्दल मतभेदाला जागा नाही.

पुडीतल्या दुखण्याच्या गोळीचंही तसंच. बीपीची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि डायक्लोफेनॅक ही तिन्ही एकाच म्हाताऱ्या मूत्रपिंडावर पडली तर ते बसू शकतं. तिन्ही गोळ्या स्टँडवरच्या दुकानात एकाच हाताने मिळतात.

स्टेरॉइड म्हणजे विषच, असंही मी म्हणणार नाही. 'ग्लोरिया' नावाचा एक युरोपीय अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खास 65 पुढचे 451 रुग्ण घेतले होते. निम्म्यांना दोन वर्षं रोज 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन दिलं. सांध्यांचं नुकसान कमी झालं. त्रास झाले ते शंभरातल्या 60 जणांना, आणि स्टेरॉइड न घेणाऱ्यांत 49 जणांना; बहुतेक साधे जंतुसंसर्ग. म्हणजे किंमत आहे, पण ती मोजता येते. मोजलेले 5 मिलिग्रॅम आणि पुडीतलं न मोजलेलं काहीतरी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्या अभ्यासाची मला जास्त अपूर्वाई वाटते ती वेगळ्याच कारणाने: म्हाताऱ्यांचा आजार म्हाताऱ्यांवर तपासला गेला. एरवी औषधांच्या चाचण्यांत पंचाहत्तरीची, मूत्रपिंड मंद असलेली, चार गोळ्या आधीच खाणारी माणसं घेतच नाहीत, आणि मग निष्कर्ष मात्र त्यांनाही लावतात. टोफॅसिटिनिबसारख्या नव्या गोळ्या आता भारतात स्वस्तात मिळतात. पन्नाशीपुढच्या, हृदयाला धोका असलेल्यांत त्यांच्यामुळे हृदयविकार आणि कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं, हे 2022 मध्ये एका मोठ्या अभ्यासातून समोर आलं. नवं तेवढं चांगलं, हेही वयाचा हिशेब न करणंच झालं.

आणि हिशेब फक्त आकड्यांचा नाही. तरुण रुग्णात डॉक्टरांचं उद्दिष्ट असतं रोग पूर्ण निवावा, रक्त स्वच्छ यावं. ऐंशीच्या बाईत ईएसआर 15 वर आणण्याच्या नादात औषधांचा डोंगर चढवायचा का? तिला विचारलं तर ती सांगते: स्वतःची वेणी स्वतःला घालता यावी, रात्री उठून न हाक मारता मोरीपर्यंत जाता यावं, जमलंच तर चाफळच्या रामाला एकदा. एवढं साधलं तर उपचार यशस्वी. पण हे विचारून ठरवलेलं कमी उद्दिष्ट आणि "आता या वयात काय" म्हणून न विचारताच सोडून दिलेला उपचार, या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात म्हणून एक नव्हेत.

सरकारी योजनांनी अजून हा आजार नीट पाहिलेला नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असो की ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या सर्वांना मिळणारं पाच लाखांचं विमाकार्ड, पैसे मिळतात ते मुख्यतः रुग्णालयात भरती झाल्यावर. आमवात भरती होत नाही. तो दर महिन्याच्या गोळ्यांचा, दर तीन महिन्यांच्या रक्ततपासणीचा आणि कराड किंवा मिरजेच्या खेपांचा आजार आहे. खुबा मोडला की कार्ड चालतं. खुबा मोडू नये म्हणून लागणाऱ्या गोळ्यांच्या पट्टीला ते चालत नाही.

तज्ज्ञ प्रत्येक तालुक्याला मिळणार नाहीत, हे उघड आहे. पण शोधायला तज्ज्ञ लागतही नाही. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी आशाताई जो प्रश्नांचा तक्ता भरतात, त्यात हातांनी, बोटांनी वस्तू धरायला त्रास होतो का, असा प्रश्न आधीपासून आहे. तो कुष्ठरोग शोधण्यासाठी घातलेला आहे. 'होय' आलं, चट्टा नाही, बधिरपणा नाही, म्हणजे कुष्ठरोग नाही. फाईल तिथेच मिटते. त्याच ओळीखाली "सकाळी बोटं सुटायला किती वेळ लागतो?" आणि "दोन्ही हात का?" असे दोन प्रश्न वाढवले, आणि अर्ध्या तासापुढचं उत्तर आलेल्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं, तर तालुक्यातल्या त्या हजारभरांपैकी पुष्कळ जण सापडतील. रक्ताचे नमुने सरकारी केंद्रांतून मोफत तपासून मिळण्याची सोय आहेच. आशाताईंवर आधीच कामांचा ढीग आहे, हे मला मान्य आहे. वाढीव प्रश्न द्यायचे तर वाढीव मोबदलाही द्यावा लागेल, आणि तो वेळेवर.